शब्दबंदीच्या मर्यादा : स्वहानीकेंद्री आंतरजालीय समुदाय आणि समाजमाध्यमांच्या नियमनाची चिकित्सा

सारांश : उपासमारीचे विकार, स्वतःला इजा करणे व आत्महत्येचे विचार यांभोवती एकत्र येणाऱ्या आंतरजालीय समुदायांचे नियमन समाजमाध्यम कंपन्या २००१ पासून कोणत्या ना कोणत्या स्वरूपात करीत आल्या आहेत. प्रस्तुत लेखात या नियमनाच्या भाषेची व गृहीतांची चिकित्सा केली आहे. हानी ही एखाद्या शब्दात वा चित्रात वसते, असे हे नियमन मानते. प्रत्यक्षात या समुदायांतील हानी पुनरावृत्तीतून आणि शिफारस यंत्रणेतून घडते, असे प्रतिपादन येथे केले आहे. इतरांचा द्वेष करणाऱ्या समुदायांवरील बंदीचे यश स्वहानीकेंद्री समुदायांना जसेच्या तसे लागू करता येत नाही, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : आशयनियमन, स्वहानी, आहारविकृती, हॅशटॅग, शिफारस यंत्रणा, मध्यस्थाची जबाबदारी.

१. प्रस्तावना

समीक्षेचा विषय केवळ ललित साहित्यच असावा असा संकेत आता उरलेला नाही. कायदे, जाहिराती, पाठ्यपुस्तके यांच्याकडे संहिता म्हणून पाहण्याची सवय मराठी अभ्यासकांनाही झाली आहे. समाजमाध्यम कंपन्यांच्या नियमावल्या मात्र या दृष्टीने क्वचितच वाचल्या जातात. कोट्यवधी लोक खाते उघडताना त्यांना संमती देतात आणि बहुतेक जण त्या न वाचताच देतात. तरीही काय बोलावे, काय दाखवावे आणि कोणी कोणाला भेटावे, हे आज बऱ्याच अंशी याच संहिता ठरवितात.

टार्ल्टन गिलेस्पी यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'कस्टोडियन्स ऑफ द इंटरनेट' या ग्रंथात आशयनियमन हे समाजमाध्यमांचे आनुषंगिक काम नसून त्यांच्या व्यवसायाचा गाभा आहे, असे मत मांडले आहे. वापरकर्त्याला मिळते ती निवडलेली, गाळलेली आणि क्रम लावलेली सामग्री. ही निवड हेच कंपनीचे खरे उत्पादन होय. हे मत मान्य केले तर आपल्या चिकित्सेची दिशाही बदलते. कंपनीने काय काढून टाकले, एवढेच विचारून भागत नाही. काय ठेवले, काय पुढे सरकवले आणि कोणासमोर ठेवले, हेही विचारावे लागते.

हानिकारक वर्तनाभोवती उभे राहणारे समुदाय अनेक प्रकारचे असतात. प्रस्तुत लेखाची व्याप्ती स्वहानीकेंद्री समुदायांपुरती मर्यादित ठेवली आहे. अॅनोरेक्झिया व बुलिमिया यांसारख्या आहारविकृती, स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती आणि आत्महत्येचे विचार हे या समुदायांचे केंद्र असते. येथे हानी करणारा व हानी सोसणारा हे बहुधा एकच असतात. त्यामुळे गुन्हेगार आणि बळी अशी जी विभागणी कायदा व नियमावली गृहीत धरतात ती येथे अपुरी पडते. या समुदायांतील सांकेतिक शब्द व पद्धती यांचा उल्लेख या लेखात हेतुतः केलेला नाही.

२. नियमनाची वाटचाल

२००१ साली अमेरिकेतील अॅनोरेक्झियाग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या विनंतीवरून याहू कंपनीने उपासमारीचा पुरस्कार करणारी अनेक पाने व मंडळे बंद केली. नियमनाचा हा पहिला ठळक प्रसंग म्हणता येईल. एका संस्थेने आक्षेप घेतला, कंपनीने पाने हटविली आणि हा विषय तिच्यापुरता मिटला. पुढील दोन दशकांत तंत्रज्ञान बदलले, पण प्रतिसादाचा हा आकृतिबंध फारसा बदलला नाही.

एप्रिल २००८ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने अतिरेकी कृशतेस चिथावणी देणे हा दंडनीय अपराध ठरविणारे विधेयक संमत केले. सिनेटकडून मात्र त्याला अंतिम मान्यता मिळाली नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत टम्बलरने स्वहानीचा पुरस्कार करणाऱ्या पानांविरुद्ध नवे धोरण जाहीर केले. त्यापाठोपाठ मार्चमध्ये पिंटरेस्टने व एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामने तशीच पावले उचलली. काही हॅशटॅग शोधयंत्रणेतून वगळण्यात आले, तर काहींच्या शोधाआधी मदतसंस्थांची माहिती देणारी सूचना झळकू लागली. २०१८ साली रेडिटने आहारविकृतीविषयक एक मोठा गट बंद केला. त्या गटाच्या नावात विकाराचा पुरस्कार सूचित होत असला, तरी परस्पर आधारासाठी आपण तेथे येत होतो, असे त्याच्या अनेक सभासदांचे म्हणणे होते.

२०१७ च्या मे महिन्यात 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने फेसबुकच्या अंतर्गत मार्गदर्शक सूचना उघड केल्या. संकटात असलेल्या व्यक्तीची मुस्कटदाबी वा शिक्षा होऊ नये म्हणून स्वहानीच्या प्रयत्नाचे थेट प्रक्षेपणही काही काळ चालू राहू द्यावे, अशी त्यांत तरतूद होती. वरकरणी धक्कादायक वाटणाऱ्या या सूचनेमागे एक विचार होता. प्रक्षेपण चालू असेपर्यंत पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी मदतीला धावू शकतो. याउलट फेब्रुवारी २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने स्वहानीच्या ठसठशीत प्रतिमांवर पूर्ण बंदी घातली आणि त्याच वर्षी ती रेखाचित्रे व व्यंगप्रतिमांपर्यंत वाढविली. एकाच मालकीच्या दोन माध्यमांत दोन वर्षांच्या अंतराने दिसणारी ही दोन टोके पाहता, कंपन्यांकडे या प्रश्नाविषयी स्थिर तात्त्विक भूमिका नव्हती असे म्हणावे लागते. त्यांचे धोरण बहुतांशी प्रत्येक वेळच्या लोकक्षोभाला दिलेले उत्तर होते.

३. 'उत्तेजन' आणि 'उदात्तीकरण' : नियमांच्या भाषेचे वाचन

या सर्व धोरणांत दोन क्रियापदांवर भिस्त आहे. स्वहानीला 'उत्तेजन' देणारा किंवा तिचे 'उदात्तीकरण' करणारा आशय निषिद्ध मानला जातो. अनुभवकथन, जाणीवजागृती व विकारमुक्तीचा प्रवास यांना मात्र मुभा असते. कागदावर ही रेषा स्वच्छ दिसते. व्यवहारात ती तीन ठिकाणी पुसट होते.

पहिली अडचण हेतूची आहे. उत्तेजन देणे यात दुसऱ्याकडून काही करवून घेण्याचा हेतू अभिप्रेत असतो. या समुदायांतील बहुतेक लेखन मात्र आत्मसंवादाच्या स्वरूपाचे असते. आपले वजन, आपला उपास, आपली लाज यांची नोंद लिहिणारी मुलगी कोणाला उपदेश करीत नसते. तिच्या नोंदीचा वाचणारीवर परिणाम होतो, हे खरेच. पण तो परिणाम तिच्या हेतूतून निघालेला नसतो. नियम हेतूवर बोट ठेवतो आणि दंड परिणामासाठी करतो.

दुसरी अडचण काळाची आहे. विकारात गुरफटणे आणि त्यातून बाहेर पडणे या दोन वेगळ्या व्यक्तींच्या अवस्था नसतात. एकच व्यक्ती सकाळी बरे होण्याचा निश्चय लिहिते आणि रात्री पुन्हा विकाराच्या भाषेत बोलते. 'पूर्वी' व 'आता' अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवून आपली सुधारणा दाखविणाऱ्या नोंदीतील पहिले छायाचित्र विकारग्रस्त वाचकाला आदर्श वाटू शकते. म्हणजे नियमाने परवानगी दिलेला आशय हानी करू शकतो आणि नियमाने हटविलेली नोंद एखाद्याची मदतीची हाक असू शकते.

तिसरी अडचण वाचकाची आहे. कोणत्याही संहितेचा अर्थ वाचकानुसार बदलतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगण्याची आवश्यकता नाही. नियमावलीला मात्र प्रत्येक नोंदीचा एकच अर्थ हवा असतो, कारण हजारो नियमकांना व स्वयंचलित यंत्रणेला तो काही क्षणांत ठरवायचा असतो.

विषय आणि हेतू यांतील ही गफलत आपल्याला अपरिचित नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांपैकी एका प्रकरणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्वे यांची बाजू न्यायालयात मांडली. लैंगिक प्रश्नांना आरोग्याच्या भूमिकेतून उत्तरे देणारे लेखनही केवळ विषयामुळे दोषी ठरू शकते, हे त्या प्रकरणाने दाखविले. 'समाजस्वास्थ्य' हे प्रबोधनाचे कार्य होते आणि स्वहानीचे समुदाय तसे नाहीत. त्यामुळे ही तुलना एका मुद्द्यापुरतीच घ्यावी. विषयाच्या नुसत्या उल्लेखाला दोष मानणारा नियम आधी प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतो, एवढाच तो मुद्दा आहे.

४. शब्दबंदी आणि तिचे परिणाम

इन्स्टाग्रामने २०१२ मध्ये आहारविकृतीशी निगडित हॅशटॅगवर निर्बंध घातल्यानंतर काय घडले, याचा अभ्यास स्टीव्ही चान्सेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ या काळातील सुमारे २५ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. निर्बंधित शब्दांची जागा त्यांच्याच बदललेल्या वर्णरूपांनी घेतली. एखादे अक्षर दुप्पट करणे, स्वर बदलणे, अक्षरांचा क्रम उलटविणे अशा साध्या युक्त्यांनी नवे शब्द तयार झाले आणि काळाबरोबर ते अधिकाधिक गुंतागुंतीचे होत गेले. या रूपांभोवतीचा सहभाग घटला नाही, तर वाढला. त्यांखालील आशय मूळ शब्दांखालील आशयापेक्षा अधिक विखारी व स्वहानीकडे अधिक झुकणारा असल्याचेही आढळले.

फ्रान्समध्ये अंतोनियो कासिली, पाओला तुबारो व सहकाऱ्यांनी अशा संकेतस्थळांच्या जाळ्यांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी टूथपेस्टच्या नळीचे रूपक वापरले. नळी एका जागी दाबली की आतील द्रव्य दुसरीकडे सरकते, नाहीसे होत नाही. बंदीच्या दबावाखाली विखुरलेली स्थळे अधिक घट्ट व बंदिस्त गटांत एकवटतात. मग वैद्यकीय माहिती देणाऱ्या बाहेरच्या दुव्यांशी त्यांचा संपर्क तुटतो, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

या परिणामाची कारणमीमांसा भाषाविज्ञानाच्या अंगाने करता येते. कोणत्याही गुप्त बोलीप्रमाणे येथेही सांकेतिक शब्द दोन कामे करतो. तो पहारेकऱ्याला चुकवतो आणि आतल्यांना एकमेकांची ओळख पटवून देतो. जो शब्द शोधायला कष्ट पडतात, तो जाणणाऱ्याला आपण निवडक मंडळींपैकी आहोत असे वाटू लागते. विकाराने एकाकी केलेल्या व्यक्तीला ही आपलेपणाची भावना फार मोलाची असते. अशा रीतीने बंदी समुदायाची सीमा आखून देते आणि ही सीमाच त्याचे आकर्षण बनते.

मराठीच्या संदर्भात ही मर्यादा अधिक तीव्र होते. आपले विद्यार्थी एकाच वाक्यात देवनागरी व रोमी लिपी, मराठी, हिंदी व इंग्रजी मिसळून लिहितात. रोमी लिपीतील मराठीला प्रमाण वर्णलेखनच नाही. ज्या भाषेत प्रत्येक शब्द चार प्रकारे लिहिला जातो तिच्यात शब्दसूचीवर आधारलेला पहारा मुळातच सैल असतो. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून द्वेषमूलक मजकुराच्या बाबतीत फेसबुककडे हिंदी व बंगाली भाषांसाठीही पुरेशी स्वयंचलित यंत्रणा नव्हती, हे पुढे आले. त्या तुलनेत लहान भाषांचे स्थान काय असेल, याचा तर्क करणे अवघड नाही.

५. प्रतिपक्ष : बंदी निष्फळच ठरते काय?

येथवरच्या विवेचनावरून बंदी नेहमीच निरर्थक असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. विरुद्ध बाजूचा पुरावाही भक्कम आहे. जून २०१५ मध्ये रेडिटने स्थूल व्यक्तींची टिंगल करणारा एक गट आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारा एक गट बंद केला. एश्वर चंद्रशेखरन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा कोटींहून अधिक नोंदी व प्रतिक्रिया तपासल्या. या गटांचे अनेक सभासद रेडिट सोडून गेले. जे राहिले त्यांच्या लेखनातील द्वेषमूलक भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. ज्या इतर गटांत ते गेले तेथेही त्यांनी ती भाषा लक्षणीय प्रमाणात नेली नाही.

२०२१ मध्ये मानोएल होर्ता रिबेरो व सहकाऱ्यांनी रेडिटवरून हटविल्यानंतर स्वतंत्र संकेतस्थळावर गेलेल्या दोन समुदायांचा अभ्यास केला. स्थलांतरानंतर दोन्हींची एकूण हालचाल कमी झाली व नवागतांचा ओघ घटला. त्यांपैकी राजकीय स्वरूपाच्या समुदायात मात्र उरलेल्यांची भाषा अधिक जहाल झाल्याची चिन्हे दिसली.

हे दोन अभ्यास आणि मागील विभागातील दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतात. तसे ते नाहीत, कारण त्यांनी मोजलेली गोष्ट वेगळी आहे. द्वेषमूलक समुदायात हानी बाहेरच्या माणसाला होते. त्या गटाचे व्यासपीठ काढून घेतले, तर ज्याची टिंगल होत होती त्याला निश्चित दिलासा मिळतो. सभासद कोठे गेले व त्यांचे काय झाले, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो. स्वहानीकेंद्री समुदायात मात्र सभासद हाच बळी असतो. तो दृष्टीआड झाला म्हणजे सुरक्षित झाला असे नव्हे. रेडिटवरील द्वेष घटला हे जसे यश म्हणता येते, तसे इन्स्टाग्रामवरील विकारग्रस्त मुली दिसेनाशा झाल्या हे यश म्हणता येत नाही.

तथापि एक गोष्ट दोन्ही प्रकारांना समान आहे. बंदीमुळे नवागतांचा ओघ घटतो. जी मुलगी अद्याप या वर्तुळात शिरलेली नाही तिच्यासमोर असा आशय सहजगत्या येऊ न देणे, हे स्वहानीच्या संदर्भातही योग्य व साध्य उद्दिष्ट आहे. म्हणून आत असलेल्यांसाठी आणि उंबरठ्यावर असलेल्यांसाठी दोन वेगळी धोरणे हवीत. आजवरच्या नियमावल्यांनी दोघांनाही एकाच क्रियापदाखाली आणले आहे.

६. शिफारस यंत्रणा : नियमाबाहेर राहिलेला कर्ता

नियमावल्यांत कर्ता नेहमी वापरकर्ता असतो. त्याने काय टाकू नये, हे त्या सांगतात. कंपनीची शिफारस यंत्रणा या वाक्यांत कर्ता म्हणून क्वचितच येते. हे मौन या संहितांतील सर्वांत बोलकी जागा आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनमधील एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीने जीवन संपविले. सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या मृत्यूचौकशीत पुढे आले की अखेरच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन केलेल्या, पसंत केलेल्या वा पुढे पाठविलेल्या सुमारे १६,३०० नोंदींपैकी २,१०० नोंदी नैराश्य, स्वहानी व आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. पिंटरेस्टने तर नैराश्यविषयक चित्रांची शिफारस करणारे ई-मेलही तिला पाठविले होते. नैराश्य आणि आंतरजालावरील आशयाचे दुष्परिणाम यांनी ग्रासलेली असताना स्वहानीच्या कृतीमुळे तिचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष कोरोनर अँड्र्यू वॉकर यांनी नोंदविला. या आशयाने तिच्या मृत्यूला क्षुल्लक म्हणता येणार नाही इतका हातभार लावला, असे त्यांचे मत होते.

या चौकशीत मेटाच्या प्रतिनिधीने काही नोंदी नियमांचा भंग करणाऱ्या होत्या हे मान्य करून क्षमा मागितली. परंतु लोकांना आपली व्यथा मांडता आली पाहिजे ही भूमिका सोडली नाही. ही भूमिका प्रत्येक नोंदीपुरती पाहिली तर चुकीची म्हणता येत नाही. दुःख व्यक्त करणारे एखादे चित्र हटविण्याजोगे असेलच असे नाही. तशी दोन हजार चित्रे एकामागून एक एका किशोरवयीन मुलीपुढे आली, ही वस्तुस्थिती मात्र कोणत्याही एका नोंदीत सापडणार नाही. ती क्रमात व पुनरावृत्तीत आहे आणि हा क्रम लावणारा बहुतांशी वापरकर्ता नसतो.

२०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत संशोधनानुसार, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना अधिक बिघडल्याचे सांगितले होते. या आकड्याचा लावलेला अर्थ कंपनीने नाकारला. स्वतःच्या जाणिवेविषयी दिलेल्या उत्तरांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरेच आहे. पण त्याच सुमारास अमेरिकी सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल यांच्या कार्यालयाने १३ वर्षांच्या मुलीच्या नावाने चाचणीसाठी खाते उघडले. आहारविकृती व अतिरेकी आहारनियंत्रण यांविषयीची काही खाती त्यावरून निवडताच तशाच आणखी खात्यांची शिफारस होऊ लागली. एका हाताने हॅशटॅग पुसणारी कंपनी दुसऱ्या हाताने वाट दाखवीत होती, असेच यातून दिसते.

येथे नियमनाच्या अर्थकारणाकडेही पाहिले पाहिजे. नोंद हटविल्याने कंपनीचे फारसे नुकसान होत नाही. शिफारस यंत्रणेला लगाम घातल्यास वापरकर्त्याने माध्यमावर घालविलेला वेळ घटतो आणि जाहिरातींचे उत्पन्न त्या वेळेशी बांधलेले आहे. शब्दबंदी हा म्हणूनच स्वस्त उपाय ठरतो. या स्वस्त उपायाची किंमत दुसरेच कोणी मोजते. असा आशय दिवसभर पाहून छाननी करणाऱ्या नियमकांना मानसिक आघात सोसावा लागतो. अमेरिकेतील अशा कर्मचाऱ्यांच्या दाव्यात फेसबुकने २०२० साली ५ कोटी २० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. हे काम हैदराबादसारख्या भारतीय शहरांतील कंत्राटी कर्मचारीही करीत आले आहेत.

७. कायद्याची दिशा

ब्रिटनचा 'ऑनलाईन सेफ्टी अॅक्ट' ऑक्टोबर २०२३ मध्ये संमत झाला. आत्महत्या, स्वहानी व आहारविकृती यांना उत्तेजन देणारा आशय मुलांपर्यंत पोहोचू न देण्याचे कर्तव्य त्याने कंपन्यांवर टाकले आणि जुलै २०२५ पासून हे कर्तव्य अंमलात आले. 'उत्तेजन' हे निसरडे क्रियापद येथेही आहेच. परंतु मुलांना असलेल्या धोक्याचे मूल्यमापन करताना अल्गोरिदमचा विचार करण्याचे बंधन ही नवी व स्वागतार्ह बाब आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या 'डिजिटल सर्व्हिसेस अॅक्ट'नेही मोठ्या माध्यमांना आपल्या रचनेतून उद्भवणाऱ्या धोक्यांचे मूल्यमापन करण्यास आणि व्यक्तिगत माहितीवर न बेतलेल्या शिफारशींचा पर्याय देण्यास भाग पाडले.

भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थ कंपन्यांना सशर्त संरक्षण देते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयाचा वा शासनाचा आदेश मिळाल्यावरच आशय हटविण्याचे दायित्व निर्माण होते, असे स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि मोठ्या माध्यमांवर मासिक अनुपालन अहवालाची सक्ती केली. ही चौकट हटविण्याच्या व तक्रारीच्या भोवतीच फिरते. किती नोंदी हटविल्या हे अहवालातून कळते. किती शिफारशी केल्या हे कळत नाही.

शब्दाच्या मागे धावण्याचा आपला अनुभव २०१७ सालचा आहे. अंधेरीतील एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर 'ब्लू व्हेल' या तथाकथित खेळाची चर्चा देशभर झाली. ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने गूगल, फेसबुक आदी कंपन्यांना या खेळाचे दुवे हटविण्याचे निर्देश दिले. जानेवारी २०१८ मध्ये शासनानेच लोकसभेत सांगितले की, तपासलेल्या प्रकरणांत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. मधल्या काळात हे नाव घराघरांत पोहोचले आणि विद्यार्थ्यांच्या नैराश्याची खरी कारणे त्या नावाआड झाकली गेली.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम ९ लक्षणीय आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती देण्यास ते मनाई करते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील प्रमुख बंधने दीड वर्षाच्या मुदतीने लागू व्हावयाची आहेत. हा कायदा खाजगीपणासाठी केलेला आहे. पण शिफारस यंत्रणा वर्तनाच्या पाळतीवरच उभी असते. त्यामुळे अपवादांची पळवाट रुंद न करता ते राबविले गेले, तर शब्दबंदीला जे साधले नाही त्यातील काही भाग या कलमाकडून साधला जाण्याची शक्यता आहे.

८. समारोप

वरील चर्चेतून काही निष्कर्ष निघतात. स्वहानीकेंद्री समुदायांत हानीचे माप एकेका नोंदीवरून घेता येत नाही. क्रम व पुनरावृत्ती यांचा विचार अपरिहार्य आहे. इतरांना इजा करणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या समुदायांना एकच नियम लावू नये. उंबरठ्यावरील व्यक्तीसमोर असा आशय ढकलणे थांबविणे आणि आत असलेल्या व्यक्तीला मदतीची वाट खुली ठेवणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. आणि ज्या यशाचा अर्थ फक्त 'दिसेनासे होणे' एवढाच आहे, त्याकडे संशयाने पाहिले पाहिजे.

ही चिकित्सा कंपन्यांपाशी थांबविणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाविद्यालये व वसतिगृहे यांचे नियमनही पुष्कळदा याच धाटणीचे असते. एखाद्या विद्यार्थिनीच्या मनगटावरील खुणा लक्षात आल्यावर पालकांना बोलावून तिला घरी धाडणे, इतरांवर वाईट परिणाम नको म्हणून विषयाची वाच्यता टाळणे, संगणक कक्षातील काही संकेतस्थळे रोखून कर्तव्य पार पडले असे मानणे, यांत आणि हॅशटॅग पुसण्यात तत्त्वतः फारसा भेद नाही. संस्थेच्या दृष्टीने प्रश्न मिटतो, विद्यार्थिनीच्या दृष्टीने तो केवळ दूर जातो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे आवश्यक आहे. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून ती मराठीतही मिळते. या दोन्ही गोष्टी प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असाव्यात. समुपदेशकाचे पद कागदोपत्री भरून भागणार नाही. ज्या समुदायात एखादी विद्यार्थिनी रात्री-अपरात्री जाते तेथे तिला विकार मिळतो हे खरे, पण ऐकून घेणारे कोणी तरी मिळते हेही खरे आहे. ऐकून घेण्याची ही सोय वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, विभागाच्या खोलीत, दिवसाउजेडी उपलब्ध झाली, तर त्या समुदायाच्या आकर्षणाचे एक कारण तरी कमी होईल. हे काम कोणत्याही अल्गोरिदमवर सोपविता येण्याजोगे नाही.